दोघींचं एकच माप

गल्लीत तिला सगळे टेपबाई म्हणत. गळ्यातली टेप ती फक्त अंघोळीला जाताना काढते, असं खालचा लॉन्ड्रीवाला म्हणायचा. तो तिच्या तोंडावरही म्हणायचा, कारण टेपबाईला विनोद कळतो पण ती हसत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. तिचं दुकान म्हणजे लॉन्ड्रीच्या डोक्यावरची एक लांबट खोली. रस्त्याकडच्या खिडकीखाली शिलाई मशीन, मधोमध कापणीचं टेबल आणि टेबलामागे पडदा. पडद्यापलीकडे तिचं घर होतं. दोन खाटा, एक शेगडी, एक कपाट आणि भिंतीवर वीतभर आरसा. त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा.

पूर्वी पडद्याच्या अलीकडे माणसाच्या उंचीचा आरसा उभा असे. तो बेबीचा होता. बेबी म्हणजे टेपबाईची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी ती बेबीच राहिली होती. घरात शेवटी जन्माला आलं की हे नाव जन्मभर चिकटतं, त्याला इलाज नसतो. लग्न करून ती गेली तेव्हा आरसाही तिच्याबरोबर गेला. टेपबाईनं स्वतः तो जुन्या चादरीत गुंडाळला आणि दोरीनं असा करकचून बांधला की हमाल म्हणाला, "बाई, आरसा आहे, कैदी नाही." तेव्हापासून गिऱ्हाइकं कपडा घालून जिना उतरत आणि लॉन्ड्रीच्या काचेत स्वतःला बघत. लॉन्ड्रीवाला त्यांना फुकट सल्ला देई. तो बहुतेक वेळा चुकीचा असे, पण टेपबाई नवा आरसा काही आणत नव्हती. आणायला पैसे होते. मन नव्हतं.

टेपबाईची कामाची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीवर ती जीव टाकायची. खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी ती तोच कपडा मांजरपाटाचा करून बघायची. जाडसर, पिवळट, स्वस्त कापड, त्याचा पूर्ण कपडा कच्च्या टाक्यांनी जोडायचा, अंगावर चढवायचा, कुठे ताण पडतो, कुठे फुगतो ते बघायचं, आणि मग उसवून टाकायचा. बाकीचे शिंपी हसायचे. म्हणायचे, हिला एक कपडा दोनदा शिवायची हौस. टेपबाई त्यांना भीक घालत नसे. "कागदावर सगळ्याच बायका सरळ उभ्या असतात," ती म्हणायची. "अंगावर गेल्याशिवाय कळत नाही कोण कशी उभी राहते ते."

आणि हे अंग असायचं बेबीचं. दोघी बहिणींत सहा वर्षांचं अंतर, पण वाढ पुरी झाल्यावर दोघी एकाच साच्यातून काढल्यासारख्या निघाल्या. तीच कंबर, तोच घेर, तीच उंची. बेबीचा एक खांदा किंचित उतरता, एवढाच काय तो फरक. त्यामुळे घरात माप एकच होतं. खाकी कागदाचा एक साचा खिळ्याला टांगलेला असे आणि त्यावरून दोघींचे कपडे निघत. नवीन काही करून बघायचं असलं की बेबी स्टुलावर चढायची. टेपबाई तोंडात टाचण्या धरून खाली बसायची आणि बेबी वरून गल्लीतल्या बातम्या सांगायची. टाचण्यांमुळे टेपबाईला उत्तर देता येत नसे, म्हणून बेबी दोघींचं बोलणं एकटीच बोलायची. तीस वर्षं हे असं चाललं. हे असंच चालणार, याबद्दल टेपबाईला कधी शंकाही आली नाही.

मग कुलूपवाला आला. दुकानाचं कुलूप बिघडलं म्हणून तो पहिल्यांदा आला, ते दुरुस्त झालंय ना हे बघायला दुसऱ्यांदा आला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा कुलूप ठणठणीत आहे हे त्यालाही माहीत होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, एक मोठा मुलगा दूरच्या गावी असलेला, हळू बोलणारा माणूस. त्याच्यात खोट काढायला टेपबाईनं पुष्कळ प्रयत्न केले. शेवटी त्याच्या विजारीची उंची चुकीची आहे एवढंच सापडलं.

लग्न साधं, कचेरीत जाऊन सह्या करण्याचं होतं. साक्षीदार म्हणून सही करायला बेबीनं ताईला बोलावलं. ताई म्हणाली, "मला दुकानात काम आहे." बेबी दारापर्यंत गेली, वळली. मग म्हणाली, "ताई, तुला एकटीला जमेल ना?" त्यावर टेपबाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही."

शब्द तोंडातून गेला तो गेला. बेबीच्या बाजूनं लॉन्ड्रीवाल्यानं सही केली.

त्यानंतर बेबीचे फोन येत, कधीमधी ती स्वतः येई, पण उभ्या उभ्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला घर, दोन बसेस बदलायच्या. आली की टेपबाई भराभर मशीन चालवत बसे, म्हणजे किती काम आहे ते दिसावं. जेवलीस का विचारलं की म्हणे, पोटभर. कशी आहेस विचारलं की म्हणे, मजेत. बेबी गेली की ती मशीन थांबवायची आणि खोली एवढी गप्प व्हायची की खालच्या लॉन्ड्रीतल्या इस्त्रीची वाफ सुटलेली वर ऐकू यायची.

एके दिवशी बेबीचा फोन आला की ते दोघं शहर सोडताहेत. कुलूपवाल्याच्या मुलानं तिकडे डोंगरावरच्या गावात दुकान घेतलंय, त्याला हाताखाली माणूस हवंय. रात्रभराचा प्रवास. थंडी मोठी असते म्हणे.

"बरं," टेपबाई म्हणाली.

"महिनाअखेरीला निघू."

"बरं."

"ताई, काही बोल ना."

"बोलतेय की. बरं म्हटलं ना."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती. ही बया लहानपणापासून थंडीनं कुडकुडणारी, उन्हाळ्यात पायांवर पांघरूण घेणारी. तिथे घालणार काय आहे ती? टेपबाई पडद्यामागे गेली आणि खाटेखालची ट्रंक ओढून काढली. डांबरगोळ्यांचा वास सुटला. तळाशी गडद निळ्या लोकरीचं कापड होतं. कापडाची एक मोठी गिरणी बंद होताना दोघींनी मिळून ते घेतलं होतं. घेतलं खरं, पण एवढं उंची कापड शिवायचं कुणासाठी यावर एकमत झालं नाही आणि ते तसंच राहिलं. बेबी अधूनमधून ट्रंक उघडून त्याच्यावरून हात फिरवायची, मांजरीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

याचा चुण्यांचा स्कर्ट करायचा, टेपबाईनं ठरवलं. लांब, घोट्याच्या जरा वर, सगळीकडून चुण्या, म्हणजे आत हवा राहते आणि पाय गरम राहतात. पण मनातला हिशोब एवढाच नव्हता. "तुझ्यावाचून माझं काही अडत नाही" हे वाक्य तिला परत घ्यायचं होतं, आणि तोंडानं ते घेणं तिच्या जिवावर येत होतं. स्कर्टनं ते घ्यावं अशी तिची योजना होती. गंमत अशी, की त्याच स्कर्टनं तिला हेही दाखवायचं होतं की बेबी स्टुलावर नसली तरी माझा हात चुकत नाही. एकाच कपड्यात माफीही घालायची होती आणि ताठाही. अशा कपड्याची शिलाई अवघडच असते.

आणि तो पहिल्या फटक्यात बसायला हवा होता. बेबी निरोप घ्यायला एकदाच येणार. पुन्हा घालून बघणं, पुन्हा दुरुस्ती, यातलं काही होणार नव्हतं.

तिनं पद्धत सोडली नाही. आधी लोकर ओली करून, सावलीत वाळवून आकसवून घेतली. मग खिळ्यावरचा खाकी साचा काढला आणि मांजरपाट अंथरलं. चुण्यांच्या स्कर्टला कापड घेराच्या तिप्पट लागतं. एकपट दिसतं, दोनपट आत दडून बसतं. खडूच्या रेघा मारून तिनं चुणी दुमडली, पहिलीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि वरून कच्चा धावदोरा घातला. पट्टा टाचला. आता अंगावर चढवून बघायचं. बेबी नव्हती, पण त्यात अडलं कुठे? दोघींचं माप एकच. टेपबाईनं गाऊन वर खोचला आणि मांजरपाटाचा स्कर्ट स्वतः घातला.

तो कमरेवर थांबला नाही. सरळ घसरला आणि खुब्यांवर जाऊन बसला.

टेपबाईनं तो वर ओढला, मागच्या बाजूनं मूठभर कापड धरलं आणि विचारात पडली. साचा तोच. तीस वर्षं तो कधी खोटं बोलला नव्हता. मग कापताना रेघेच्या बाहेरून कात्री गेली असेल का? तिनं काढून तपासलं. कात्री रेघेवरूनच गेली होती. मग खडू बोथट असेल. मग तिच्या मनात आलं, कागद. खिळा खिडकीशेजारी, खिडकीखाली लॉन्ड्री, दिवसरात्र वाफ. वाफेनं कागद फुगणारच. ती तरातरा जिना उतरून खाली गेली.

"तुमच्या वाफेनं माझा साचा फुगलाय," तिनं लॉन्ड्रीवाल्याला सांगितलं.

त्यानं इस्त्री उभी केली आणि तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वाफेनं कागद फुगत असेल, बाई," तो म्हणाला, "तर माणूसही जरा फुगायला काय हरकत आहे? तुमची तऱ्हा उलटीच दिसते."

टेपबाईनं तो नेहमीचा विनोद समजून सोडून दिला आणि वर आली. इथेच तिची चूक झाली, आणि ही चूक तिच्यासारखीलाच होऊ शकते. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, तिला स्वतःचं माप घ्यायची सवय नव्हती. तिचे स्वतःचे कपडे सगळे नाडीचे आणि सैल. नाडीचा एक गुण असतो, ती तक्रार करत नाही. माणूस उरेल तेवढी ती आवळून घेते. मोठा आरसा घरात नव्हता. आणि जेवायचं म्हणाल, तर सकाळी चहा, दुपारी चहात बुडवून पाव, संध्याकाळी भूक असली तर उरलेला पाव, हे इतक्या हळूहळू ठरत गेलं होतं की कधी ठरलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हा टेपबाईनं साचा दुरुस्त केला. चुण्यांच्या स्कर्टमध्ये कंबर कमी करायला कापावं लागत नाही. प्रत्येक चुणी वरच्या बाजूला दोऱ्याएवढी जास्त दुमडायची. एका चुणीत ते कळतही नाही, पण सगळ्या मिळून कंबर चांगली चार बोटं आत येते. तिनं एकेक चुणी उसवली, दुमडली, टाचली. पुन्हा घातला. आता पट्टा कमरेवर गच्च बसला, चुण्या मिटून सरळ खाली पडल्या. तिला बरं वाटलं. नव्या मापानं तिनं साच्यावर नवी रेघ ओढली आणि जुनी खोडली.

राहिली उंची. आता ही गोष्ट एकट्या माणसाला करताच येत नाही. स्वतःच्या स्कर्टची उंची बघायला वाकलं की मागची कड वर जाते आणि सरळ उभं राहिलं की काही दिसत नाही. त्यासाठी खाली बसलेलं दुसरं माणूस लागतं. टेपबाईनं टेबलाच्या पायापासून दाराच्या चौकटीपर्यंत एक जाड दोरा ताणून बांधला, त्याला खडू चोळला आणि त्याच्याशी अंग लावून जागच्या जागी हळूहळू फिरली. दोऱ्यानं कापडावर पांढरी रेघ उमटवली. काम झालं. पण भरदुपारी बंद खोलीत, एका दोऱ्याभोवती पावलं सरकवत फिरणाऱ्या बाईला कुणी पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, या विचारानं तिला एकदम फार एकटं वाटलं. बेबी असती तर म्हणाली असती, ताई, घाण्याला जुंपलंय का तुला? टेपबाईनं ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य आपल्या तोंडून बरं वाटत नाही. तिनं दोरा सोडला.

मग मांजरपाट उसवून, त्याचे तुकडे लोकरीवर ठेवून तिनं खरं कापड कापलं. कात्री लोकरीतून जाताना आवाज करत नाही. शिवायला तिनं घाई केली नाही. चुण्यांवर ओलं फडकं घालून इस्त्री केली, आणि इस्त्री उचलली की लगेच वर लाकडी ठोकळा दाबून धरला, म्हणजे वाफ आत जिरते आणि घडी मोडत नाही. तयार झाल्यावर तिनं तो खुंटीला लावला आणि समोर बसून बघत राहिली. तीस वर्षांत असा कपडा तिच्या हातून उतरला नव्हता. हे तिला कुणालातरी सांगावंसं वाटलं. लॉन्ड्रीवाला आठवला, पण त्याला काय कळतंय.

निघायच्या दिवशी दुपारी बेबी आली. बस संध्याकाळची होती. कुलूपवाला सामानाच्या दोन पेट्या घेऊन खाली लॉन्ड्रीतच थांबला. बहिणींमध्ये आपण येऊ नये, एवढी समज त्याला होती.

"चपला बाहेर काढ," टेपबाई म्हणाली. हेच तिचं स्वागत.

बेबीनं खोलीभर नजर फिरवली आणि ती खुंटीवर येऊन थांबली. ती जवळ गेली, चुण्यांमधून बोटं फिरवली. "ताई, हे ते कापड?"

"दुसरं कुठलं असणार?"

"माझ्यासाठी?"

"नाही, लॉन्ड्रीवाल्यासाठी. जा, घालून ये."

बेबी पडद्यामागे गेली. टेपबाई टेबलाजवळ उभी राहिली. टाचण्यांची डबी तिनं दोनदा उघडून मिटली. गिऱ्हाइकांसमोर असं कधी झालं नव्हतं. पडद्यामागून कापडाची सळसळ आली, मग बेबीचं हसू.

"ताई, हुक लागत नाही गं."

"श्वास सोड."

"सोडला."

"सगळा सोड."

"अगं, याहून जास्त सोडला तर परत घेता येणार नाही."

ती मागून पट्टा हातात धरून बाहेर आली. पट्ट्याच्या दोन टोकांत चांगलं चार बोटांचं अंतर होतं. खुब्यांवर चुण्या आ वासून उभ्या होत्या. पहिल्या फटक्यात बसायला हवा होता, आणि हे असं. पाठोपाठ दुसराच विचार आला आणि तो अधिक बोचला. जाडी झाली ही. तिथे सुखानं खाऊन पिऊन अंगानं भरली, आणि मी इथे.

"नवऱ्याच्या घरी माणसानं जरा हातचं राखून जेवावं," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा तिखट निघाला.

"लग्न मानवलं म्हणायचं," बेबी म्हणाली, पण तिचंही हसू जरा उतरलं.

किती वाढवायला लागेल ते बघायला टेपबाईनं गळ्यातली टेप काढून तिच्या कमरेभोवती घातली. आकडा वाचला. पुन्हा नीट धरून वाचला. टेप सुटी केली, झटकली आणि तिसऱ्यांदा घातली.

"किती?" बेबीनं विचारलं.

बेबीनं मान वळवून स्वतःच टेपवर पाहिलं. "तेच तर आहे की. होतं तेवढंच. मग तू हा कुणाच्या मापाचा शिवलास?"

"माझ्या. दोघींचं एकच ना."

बेबी तिच्याकडे बघायला लागली, तोंडाकडे नाही, गाऊनच्या आत कुठेतरी. मग तिनं टेप ओढली. टेपबाईनं दुसरं टोक धरून ठेवलं. "काही गरज नाही," ती म्हणाली. "खाली माणूस खोळंबलाय."

"सोड, ताई."

टेपबाईनं सोडलं. कुणी तिच्या अंगाभोवती टेप घालतंय असं तिच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. बेबीनं सैल गाऊन दोन्ही हातांनी आत दाबला, टेप फिरवली, घट्ट केली. आकडा तिनं उच्चारला नाही. टेप तशीच मुठीत धरून ती उभी राहिली.

"जेवत नाहीस," ती म्हणाली.

"जेवते."

"काय जेवतेस?"

टेपबाई नेहमीचं उत्तर देणार होती. ते जिभेवर आलंही होतं. पण कमरेला टेप असताना खोटं बोलता येईना. "भूक लागते गं," ती म्हणाली. "कधीकधी शिजवतेही. पण ताट वाढून घेतलं की समोर कुणी नसतं. घास तोंडात फिरत राहतो. मग झाकून ठेवते."

"मग फोनवर मजेत आहे, मजेत आहे, ते काय होतं?"

"दुसरं काय सांगू? सांगितलं असतं तर काय, त्याला सोडून आली असतीस?"

"नसते आले," बेबी म्हणाली. ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "पण मला माहीत तरी असतं ना."

खालून दोन माणसांचं बोलणं ऐकू येत होतं. टेपबाईनं टेबलावरची कात्री उगाच सरळ करून ठेवली. "त्या दिवशी मी सही करायला यायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो. यायला हवं होतंस."

"दुकानात काम नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं. जाताना मी रस्त्यावरून वर बघितलं होतं. खिडकीत नुसतीच बसली होतीस."

टेपबाईनं मान खाली घातली. बेबीनं तिचा दंड धरला आणि दोघी तशाच काही वेळ उभ्या राहिल्या, एकीच्या अंगात न बसणारा स्कर्ट आणि दुसरीच्या कमरेला टेप. मग टेपबाई भानावर आली. तिनं खणातून ब्लेड काढलं. "बस संध्याकाळची ना? काढ तो. चुण्या उसवून जुन्या मापावर घेते. इस्त्रीला वेळ लागेल, पण होईल."

"नको."

"अगं, असा कसा नेणार? तुला होत नाही."

"मला होऊच नये. मी असाच नेणार." बेबी पडद्यामागे जाऊन स्कर्ट उतरवून आली. टेबलावर पसरून तिनं त्याच्या चुण्या मिटवल्या, तीस वर्षं मिटवल्या तशाच, एकही घडी न मोडता. "थंडी ओसरली की मी येईन. आल्याबरोबर हा तुला घालायला लावीन. तुझाही हुक लागायला नको. चार बोटं राहिली पाहिजेत, माझी राहतात तेवढी. आणि लागलाच, तर सांगून ठेवते, मी परत जाणार नाही. इथेच राहीन. त्याला आत्ता खाली जाऊन सांगते."

"धमक्या कुणाला देतेस?"

"तुला."

बेबीनं स्कर्ट कागदात गुंडाळून काखेत मारला. दारात वळून तिनं ताईच्या गालाला हात लावला आणि जिना उतरून गेली. टेपबाई खिडकीशी आली. खाली बेबी नवऱ्याला काहीतरी सांगत होती. त्यानं ऐकून घेतलं, वर पाहिलं आणि मान डोलवली. एक पेटी त्यानं उचलली, दुसरी लॉन्ड्रीवाल्यानं उचलून कोपऱ्यापर्यंत नेली. कोपऱ्यावरून बेबीनं हात हलवला. मग तिथे कोपराच उरला.

टेपबाई मशीनवर बसली, पण दोरा ओवायला तिला जमेना. बेबी बोलते ते करते, हे तिला जन्मापासून माहीत होतं. हुक लागला तर ती राहणार म्हणजे राहणार. आणि हुक लागायला करायचं काय होतं? काहीच नाही. आहे तसंच राहायचं. चहा, पाव, चहा. एका थंडीचा तर प्रश्न. कुणाला कळणार नव्हतं, नाडी आवळून घेणार होती. मग बेबी तिच्या खाटेवर असेल, गल्लीच्या बातम्या सांगेल, आरसाही परत येईल. टेपबाईच्या मनात हे सगळं इतकं गोड आणि इतकं सोपं उभं राहिलं की तिला स्वतःची भीती वाटली.

आणि तिकडे डोंगरावर, मुलगा आपल्या संसारात, तो हळू बोलणारा माणूस एकटाच ताट वाढून घेईल. तो घास तोंडात कसा फिरतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

बाहेर उजेड होता तोवरच ती उठली. पडद्यामागे जाऊन तिनं मूठभर तांदूळ घेतले, थांबली, आणि आणखी एक मूठ घेतली. भात शिजेपर्यंत एक अंडं उकडलं. ताट वाढून ती खाटेच्या कडेवर बसली. समोरची खाट रिकामी होती. एकेक घास घेताना आपण बेबीला एकेक पाऊल दूर ढकलतोय, असं तिला स्वच्छ कळत होतं. शेवटच्या घासाला तिला रडू आलं. तरी तो तिनं चावून, गिळून संपवला.